टेलिफोनच्या जुन्या पाईपमधून लॅन केबल ओढायची आहे. काय काय बघून घेऊ?

गच्चीवरची_चिमणी

नमस्कार मंडळी. कोथरूडमधला १९९७ सालच्या बिल्डिंगमधला फ्लॅट रिसेलमध्ये घेतला आहे. रंगकाम आणि फर्निचर आता सुरू होईल, म्हणून आत्ताच विचारून घेते.

हॉलमध्ये दाराशेजारी टेलिफोनचा जुना पिवळट पडलेला डबा आहे आणि दोन्ही बेडरूममध्ये टेलिफोनचे पॉइंट. वायर कन्सील्ड आहे, म्हणजे पाईप भिंतीत आहेच. लँडलाईन आधीच्या मालकांनी केव्हाच बंद केली. फायबर आलंय ते दारावरच्या व्हेंटिलेटरमधून, काळी केबल भिंतीवर खिळे मारत मारत टीव्हीपर्यंत. कंपनीचा डबा तिथेच. आमचं दोघांचंही ऑफिसचं काम मागच्या बेडरूममध्ये चालतं आणि तिथे वायफायची दोन बीम आणि एका बाथरूममधून येता येता दमछाक होते.

वायरमन म्हणतो, "मॅडम, पट्टी मारून देतो, एका तासाचं काम." मला नव्या रंगावर वायरची प्लास्टिकची पट्टी नकोय. टेलिफोनची वायर काढून त्याच पाईपमधून लॅन ओढता येईल का? की फायबरचा डबाच मागे हलवावा? आणि हे आपलं आपण केलं तर चालतं, की कंपनीला, सोसायटीला विचारावं लागतं?

---

पोपटपंची

मेश घ्या, खोलीखोलीत वायफायचे डबे. विषय संपला.

---

गच्चीवरची_चिमणी

@पोपटपंची, भावाकडे आहे मेश. मधला डबा स्वतःच वायफायवरून सिग्नल घेतो आणि वायफायवरूनच पुढे देतो, त्यामुळे मागच्या खोलीत पोचेपर्यंत निम्मा स्पीड वाटेतच जातो. मेशलाही मागून वायर दिली तरच मजा. म्हणजे फिरून वायर आलीच.

---

खांबावरचा_माणूस

ताई, मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो. उभा जन्म रोझेट उघडण्यात गेला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला पिवळट डबा म्हणता तो रोझेट. बाहेरच्या डीपीतून, म्हणजे लाईनी वाटणाऱ्या डब्यातून, घरापर्यंत ड्रॉप वायर यायची, रोझेटच्या स्क्रूखाली दोन तारा कसायच्या, तिथून पुढे फोन. आमच्या काळी रोझेटपर्यंतच काय, फोनचं उपकरणसुद्धा खात्याचं असायचं. पॅरलल फोन हवा तर अर्ज. लोक अर्ज न करताच बेडरूममध्ये जोडायचे आणि आम्ही तक्रारीवर गेलो की दुसरा फोन उशीखाली लपवायचे. असो.

मुद्द्याचं सांगतो. एकही तार कापायच्या आधी ती कुठून निघते आणि कुठे संपते हे शोधा. नव्वदच्या दशकात बिल्डरच्या वायरमनने प्रत्येक खोलीला हॉलमधून वेगळी वायर सहसा टाकलेली नसते. हॉलमधून पहिल्या बेडरूमला, तिथून दुसऱ्या बेडरूमला, अशी साखळी असते. म्हणजे पाईपही टप्प्याटप्प्याने जातो. हे तुमच्या सोयीचंच आहे, केबल एका दमात ओढावी लागत नाही.

दुसरं, आणि लोक हेच विसरतात. त्याच पाईपमध्ये बहुतेक वेळा सोसायटीच्या इंटरकॉमची जोडीही असते. लँडलाईन बंद म्हणजे सगळ्या तारा मेल्या असं धरून चालू नका. मल्टीमीटर डीसीवर ठेवून प्रत्येक जोडी तपासा. चालू टेलिफोन लाईनवर ४८ व्होल्ट दिसतील, इंटरकॉमवर २४ ते ४८ च्या दरम्यान काहीतरी. शून्य दिसलं तर त्या टोकाला जोडीच्या दोन तारा पिळून एकत्र करा आणि दुसऱ्या खोलीत मीटर कंटिन्युइटीवर लावा. टूं वाजलं की तीच जोडी. कागदावर रंग लिहून ठेवा.

४८ व्होल्टला माणूस दचकत नाही, पण रिंग येते तेव्हा त्याच तारेवर ७५ ते ९० व्होल्ट एसी असतात. शिडीवर ओल्या हाताने तार धरलेली असताना रिंग आली की सासरचे आठवतात.

---

आकडेमोड

काकांना +१. माझी भर केबलबद्दल.

त्या काळचा पाईप बहुतेक पाऊण इंची असतो, आतली जागा त्याहून कमी. कॅट-६ (लॅन केबलची एक प्रत) ची एक केबल साधारण ६ मिमी जाड. दोन आरामात जातात, तिसरी बेंडवर रडवते. तेव्हा टेलिफोनची वायर ठेवून वर लॅन कोंबू नका. इंटरकॉमची जोडी हवी असेल तर ती नव्याने सोबत ओढा.

टेलिफोनची जुनी वायर लॅनसाठी वापरता येईल का असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. दोन जोड्या असतील तर १०० एमबीपीएस कधी कधी कसंबसं चालतं. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही जोड्या लागतात आणि त्या ठरावीक पिळाच्या लागतात. तो नाद सोडा.

तिच्या खालची प्रत कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते. फ्लॅटमध्ये १०० मीटर होतच नाहीत. पण भिंत एकदाच उघडणार आहात तर कॅट-६ टाका, फरक फारसा नाही.

खरी मेख दुकानात आहे. स्वस्त बंडलात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते, खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं किंवा तेही नसतं. ब्लेडने तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. ती तार बेंडवर मोडते, आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला किंवा अॅक्सेस पॉइंटला वीज द्यायची असेल तर व्होल्टेज पडतं, केबल गरम होते.

आणि लाईटच्या पाईपमधून लॅन ओढू देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला तरी. उद्या लाईटच्या वायरचं इन्सुलेशन सोललं गेलं तर २३० व्होल्ट तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टात.

---

यारातीरी

मेलबर्नहून लिहितोय. तुमचा धागा वाचून गंमत वाटली, कारण इथे मी हेच काम स्वतः केलं तर बेकायदा ठरेल.

भिंतीतली, छतातली, जमिनीखालची जी कायमची केबल पुढे टेलिकॉम नेटवर्कला जोडली जाणार आहे, ती टाकणं असो, हलवणं असो की जुनीत फेरफार करणं असो, नोंदणीकृत केबलरच हवा. घरमालक असलात तरी. १९९७ चा टेलिकम्युनिकेशन्स अॅक्ट आणि त्याखालचे केबलिंग प्रोव्हायडर रूल्स आहेत, देखरेख एसीएमए नावाच्या संस्थेची. काम झालं की केबलरने टीसीए१ नावाचा फॉर्म द्यायचा, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याची त्याची सही. तयार सॉकेटमध्ये तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) खोचायला मात्र कुणी लागत नाही.

सुरुवातीला मला हा निव्वळ धंदा वाटला होता. मग आमच्या केबलरने कारण सांगितलं. टेलिफोनची तार घराबाहेर जाते, एक्स्चेंजपर्यंत. तुमच्या घरात चुकून लाईटची वीज तिच्यात शिरली तर तिकडे खांबावर काम करणाऱ्याला झटका. म्हणून भिंतीच्या आत लाईटच्या केबलपासून ५० मिमी अंतर, नाहीतर मध्ये पक्का आडोसा.

---

पोपटपंची

आमच्याकडे खिशात टेस्टर असला की नोंदणी झाली.

---

खांबावरचा_माणूस

@यारातीरी, खांबावर काम करणारा तो "तिकडचा माणूस" मीच हो. एका बंगल्याच्या ड्रॉप वायरवर मेन्स, म्हणजे लाईटची वीज, आलेली होती. वायरमनने बेडरूममध्ये टेलिफोन आणि पंख्याची वायर एकाच बॉक्समध्ये जोडून वर टेप गुंडाळली होती. तो नियम ज्याने लिहिला त्याला माझा नमस्कार सांगा.

---

ओलं_मँचेस्टर

इंग्लंडमध्ये मधला मार्ग आहे. घरात शिरताच मास्टर सॉकेट असतो, त्याचं झाकण दोन तुकड्यांत. वरचा भाग कंपनीचा. खालचा भाग दोन स्क्रू काढून घरमालकाने उघडायचा, त्याच्या मागे जोडलेली घरातली वायर त्याची. लाईन बिघडली की हेल्पलाईन आधी हेच करायला लावते. खालचं झाकण काढा आणि आतल्या टेस्ट सॉकेटला फोन लावा. तिथे चालला तर दोष तुमच्या घरातला. भांडणच मिटतं.

इथल्या जुन्या घरांत एक गंमत असते. दोन तारांखेरीज तिसरी एक तार घंटी वाजवण्यासाठी असायची. ब्रॉडबँड आलं तेव्हा ती बिनजोडीची तार अँटेनासारखी सगळा गोंगाट ओढून आणायची. नुसती ती एक तार सोडवली की कित्येकांचा स्पीड वाढायचा. आता जानेवारी २०२७ मध्ये तांब्यावरचा जुना फोनच बंद व्हायचा आहे, म्हणून जो तो घरातली वायर बदलत बसलाय.

---

सेक्रेटरी_बिचारा

मूळ प्रश्नातल्या सोसायटीच्या भागाला कुणी हात लावला नाही, तर मी लावतो.

तुमच्या दाराच्या आत तुम्ही काय ते करा. दाराबाहेरची डक्ट, जिना, गच्ची सोसायटीची. मात्र इंटरकॉमची जोडी तुमच्या घरात असली तरी ती व्यवस्था सगळ्यांची. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू असताना सुताराने "जुनी वायर आहे" म्हणून पकडीने ओढून काढली. खालच्या घरांचा इंटरकॉम त्याच बॉक्समधून पुढे गेलेला. वॉचमन पाच मजले चढून कुरिअर आल्याचं सांगतोय आणि लोक मला शिव्या घालतायत.

डक्टचं तर विचारू नका. तीन कंपन्या, तिघांच्या वेगळ्या काळ्या केबली. कनेक्शन बंद झालं तरी केबल तिथेच लोंबकळते, कारण काढायचे पैसे कुणाला मिळत नाहीत. कुठली जिवंत आणि कुठली मेलेली हे कळायला मार्ग नाही. आता आम्ही ठराव केलाय की नवी केबल टाकायची तर दोन्ही टोकांना फ्लॅट नंबरचा टॅग हवा आणि जुनी काढून न्यायची. टॅग नसेल तर पुढच्या वेळी कापू.

नव्या बिल्डिंगांचं बरं आहे. २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दूरसंचाराच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी स्वतंत्र विभागच आहे आणि २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) डिजिटल कनेक्टिव्हिटीनुसार इमारतींना मानांकन द्यायचे नियम काढले. आमच्यासारख्या जुन्यांना कोण विचारतो.

---

गच्चीवरची_चिमणी

सगळ्यांचे आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. इंटरकॉमचं तर डोक्यातच नव्हतं.

फायबरचा डबा मागे हलवायचं कुणी सांगेल का? वायरमन म्हणतो तीच केबल काढून पाईपमधून ओढतो.

---

प्रकाशवाट

मी हे काम करतो, म्हणून बोलतो. वायरमनला त्या केबलला हात लावू देऊ नका.

काळी ड्रॉप केबल चपटी असते. मध्ये एक बारीक फायबर, दोन बाजूंना कडक काड्या आणि कडेला ताणासाठी एक स्टीलची तार. ही स्टीलची तार घराबाहेरच कापून वेगळी करायची असते, आत आणायची नसते. बरेच पोरगे तशीच आत आणतात. ती केबल पाऊण इंची पाईपच्या बेंडमधून जात नाही, गेली तर आतला फायबर मुडपतो. चांगल्या प्रतीच्या फायबरला १० मिमी किंवा ७.५ मिमी त्रिज्येपर्यंत वाक चालतो, पण तुमची कुठल्या प्रतीची आहे हे केबलवर छापलेलं वाचल्याशिवाय कळत नाही. जुन्या साध्या फायबरला ३० मिमी लागतात.

टोकाला हिरवा कनेक्टर दिसेल. हिरवा म्हणजे आतलं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं. निळा म्हणजे सरळ. हिरव्याला निळा जोडला तर बसतो छान, पण प्रकाश मधेच गळतो. कनेक्टर लावलेलं टोक पाईपमधून जाणार नाही, म्हणजे कापून पलीकडे नवा लावणं आलं. जागेवर दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर मिळतो, पण त्यापेक्षा मशीनवर स्प्लाईस केलेलं, म्हणजे काच वितळवून जोडलेलं, कधीही चांगलं.

कंपनीच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते, डीबीएममध्ये. उणे १८ ते उणे २२ म्हणजे निवांत. उणे २७ च्या पलीकडे बहुतेक डबे हात टेकतात. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो हे ध्यानात ठेवा. जागा बदलायच्या आधी आणि नंतर हा आकडा लिहून घ्या आणि तंत्रज्ञ तिथे उभा असतानाच बघा. तो गेल्यावर "लाल दिवा लागतोय" म्हणून फोन केलात तर तिकीट, पावती, वाट बघणं.

डब्यापर्यंतचं सगळं कंपनीचं. कस्टमर केअरला जागा बदलण्याची विनंती टाका. डब्याच्या पुढची लॅन तुमची, तिथे कुणी विचारत नाही. माझं ऐकाल तर डबा आहे तिथेच ठेवा आणि मागच्या खोलीत लॅन न्या. फायबर जितका कमी हलेल तितका बरा. आणि उघड्या टोकात डोळा घालून बघू नका. प्रकाश दिसत नाही, पण असतो.

---

आकडेमोड

अवांतर: गच्चीवरून लोकल केबलवाल्याची साधी लॅन केबल आली असेल तर वेगळी काळजी. वळवाच्या पावसात दोन बिल्डिंगांमध्ये ताणलेल्या तांब्याच्या केबलीत जवळपासच्या विजेचा झटका शिरतो आणि राउटरचं पोर्ट जातं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्या स्टीलच्या तारेतून येऊ शकते. म्हणूनच प्रकाशवाट म्हणतात ती तार बाहेर कापायची.

---

गच्चीवरची_चिमणी

अपडेट. काकांच्या सांगण्याप्रमाणे मीटर घेऊन बसलो. रोझेटमध्ये तीन जोड्या निघाल्या. दोन मेलेल्या, तिसऱ्यावर २६ व्होल्ट. ती इंटरकॉमची! दोन्ही टोकांना टेप लावून नाव लिहिलं. पहिल्या बेडरूमपर्यंत साखळी, तिथून दुसऱ्या बेडरूमला, अगदी काका म्हणाले तसं.

हॉल ते पहिली बेडरूम वायर हलते, ओढली की पलीकडे सरकते. पहिली ते दुसरी मात्र जाम. वायरमन म्हणतो जोर लावतो. थांबवलंय.

---

खांबावरचा_माणूस

बरं केलंत. जोर लावला की तार मधे तुटते, मग ओढायला हातात काहीच राहत नाही.

जाम होण्याची कारणं ठरलेली आहेत. बेंडमध्ये सिमेंटचं पाणी उतरून बसलेलं, पाईपचा जोड सुटलेला, नाहीतर कुणीतरी नंतर भिंतीत काहीतरी ठोकलेलं. वायरमनकडे स्प्रिंग असते, ती एका बाजूने घाला. अडली की बॉक्सच्या तोंडाशी स्प्रिंगवर टेपची खूण करा, बाहेर काढा आणि तेवढी लांबी भिंतीवर पाईपच्या रेषेत मांडा. मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन्ही खुणा जवळजवळ आल्या की तिथेच अडचण. रंग व्हायचाय ना, तेवढा वितभर तुकडा फोडा, पूर्ण भिंत नको.

जिथे वायर हलते तिथे जुनी वायरच ओढणी म्हणून वापरा. पण नव्या केबलची गाठ मारू नका, बेंडमध्ये गाठ अडते. कॅट-६ चं वरचं आवरण वितभर सोला, आतल्या तारांपैकी निम्म्या आखूड कापा, उरलेल्या जुन्या वायरला पिळा, वरून टेप उतरती गुंडाळा म्हणजे टोक निमुळतं होईल. वर टाल्कम पावडर. तेल नको, आवरण खराब होतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पलीकडून केबल सोडत राहायचं, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत राहायचं. सोबत एक नायलॉनची दोरी पाठवा आणि ती पाईपमध्येच राहू द्या, पुढच्या माणसासाठी.

---

गच्चीवरची_चिमणी

सापडलं! दोन खुणांमध्ये जेमतेम चार बोटांचं अंतर आलं. फोडलं तर आधीच्या मालकांच्या कपाटाचा स्क्रू, रावळप्लगसकट, पाईपच्या आरपार. टेलिफोनची वायर त्याच्या खाली दबून चपटी झालेली. स्क्रू काढला, तेवढा पाईपचा तुकडा बदलला, दोन कॅट-६ आणि इंटरकॉमसाठी नवी जोडी ओढली, दोरी सोडली. वॉचमनला फोन लावून पाहिला, उचलला.

पण आता लॅपटॉपवर स्पीड ९४ च्या वर जात नाही. प्लॅन ३०० चा आहे. केबल खराब निघाली का? तांबं खरवडून बघितलं होतं, लालच होतं.

---

आकडेमोड

९४ हा आकडा बघितला की केबलकडे बघायचंच नाही, कनेक्टरकडे बघायचं. लिंक १०० वर बसली की वरखर्च वजा जाऊन हातात ९४-९५ येतात. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी सुटलेली असेल तर पोर्ट गुपचूप १०० वर उतरतं आणि सगळं "चालतंय" असं दिसतं.

वायरमनने प्लगमध्ये किती तारा घातल्यात ते बघा.

---

गच्चीवरची_चिमणी

चार!! विचारलं तर म्हणाला, "बाकीच्या लागत नाहीत मॅडम, कॅमेऱ्याला आम्ही चारच घालतो."

---

आकडेमोड

कॅमेऱ्यापुरतं त्याचं बरोबर आहे, म्हणून सवय सुटत नाही. दोन्ही टोकं कापून पुन्हा करायला लावा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हाच क्रम. पीळ टोकाशी १३ मिमीपेक्षा जास्त उलगडायचा नाही. आणि भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावून लोंबकळत ठेवू नका. जुन्या टेलिफोन पॉइंटच्याच प्लेटमध्ये लॅनचं सॉकेट बसवा, तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड. भिंतीतली तार रोज हलली की आज ना उद्या मोडते.

---

गच्चीवरची_चिमणी

सॉकेट बसवले, आठही तारा. आता लिंक १००० दाखवते, स्पीड ३०० च्या आसपास. सेक्रेटरींना जुन्या ड्रॉप वायरचं पत्र दिलंय की आमच्या दाराबाहेरची मेलेली वायर काढायची आहे, कुणाची हरकत आहे का.

---

सेक्रेटरी_बिचारा

असा सभासद आमच्या सोसायटीत का नाही?

---

ठाण्याचा_तलाव

उशिरा आलो. माझ्याकडे टेलिफोनचा पाईपच नाही, पण डीटीएचची जाड गोल केबल सगळ्या खोल्यांत गेली आहे. त्यावरून इंटरनेट नेता येतं असं वाचलं, ते खरं का? की तीही काढून लॅनच ओढू?

---

आकडेमोड

नेता येतं, मोका नावाचे अॅडॉप्टर मिळतात, दोन टोकांना दोन. पण ते साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झवर चालतात आणि डिशचा सिग्नल त्याच केबलमधून ९५० ते २१५० वर येतो. एकमेकांच्या अंगावर येतात. डिश बंद केली असेल तर खुशाल वापरा. चालू असेल तर टीव्ही आणि नेट दोन्ही बिघडतील. केबल पाईपमध्ये मोकळी हलत असेल तर तीच ओढणी करून लॅन ओढा. पण आधी डिश कोण कोण बघतं ते घरच्यांना विचारा, वायरमनला नको.